सोडलेला लसूण

गेल्या चातुर्मासातली गोष्ट. आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात हरिपाठ झाला, आरती झाली, माणसे आपापल्या घरी निघाली. एक वृद्ध माउली मात्र खांबापाशी बसून राहिल्या. देऊळ रिकामे झाल्यावर त्या हळूच जवळ आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, एक इचारू का? औंदा आषाढीला मी माळ घातली. कांदा-लसूण जन्माचा सोडला. पण माझ्या परसात दरसाल लसणाचा एक वाफा असतो. कार्तिकी आली की लावायचा. आता जे मी तोंडात घालायचं न्हाई, ते मातीत घालू का नको? काय दोष लागंल का?"

प्रश्न ऐकायला लहान. पण तो ऐकून मी खाली पाहू लागलो. मी काही अधिकारी पुरुष नव्हे. वारी करतो, हरिपाठ म्हणतो, कोणी सांगितले तर चार शब्द बोलतो, इतकेच. तरी एरवी असल्या प्रश्नाचे उत्तर मी तोंडावर दिले असते. या वेळी देववले नाही. मी म्हणालो, "मावशी, कार्तिकीला अजून वेळ आहे. मला दोन दिवस द्या." कारण याच प्रश्नाचे उत्तर दोन वर्षांपूर्वी मी माझ्या घरात देऊन बसलो होतो, आणि ते चुकले होते. ती चूक वाचकांपुढे मांडतो. माझ्यासारखे नव्या उमेदीचे आणखी कोणी असतील, त्यांना उपयोगी पडेल.

आमचे गाव माढा तालुक्यातले. श्रीसंत सावता महाराजांचे अरण आम्हांला लांब नाही. घरामागे परस आहे, मोरीचे पाणी जाते तिकडे अळू आणि केळ, आणि त्याच्या अलीकडे उन्हाच्या बाजूला आईचा लसणाचा वाफा. दोन हात रुंद, सहा हात लांब, त्याहून मोठा कधी नाही. पण त्यात दीडशेच्या आसपास पाकळ्या बसत आणि वर्षाचा लसूण निघे. ते वाण आमच्या घरात आईच्या सासूपासूनचे. गड्डी लहान, सालीला जांभळी झाक, वास उग्र, आणि टिकायला चिवट.

२०२३ च्या आषाढी एकादशीला मी पंढरपुरात माळ घातली. मद्यमांस तर माळकऱ्याला वर्ज्यच. कांदा-लसणाविषयी मात्र सर्व फडांत एकच चाल नाही. कोणी चातुर्मासापुरता सोडतात, कोणी एकादशीपुरता, कोणी जन्मभर. मी जन्मभर सोडला. येथपर्यंत ठीक झाले. पण घरी आलो तो निराळाच माणूस होऊन आलो. स्वयंपाकघरात गेलो. आढ्याला लसणाच्या चार जुड्या टांगल्या होत्या, त्या काढल्या. आई म्हणाली, "आरं, बी तरी ठेव." मी ऐकले नाही. शेजारी द्यावा म्हटले तर माझा तर्क असा, की आपल्या घरचा दोष कशाला दुसऱ्याच्या घरी पाठवायचा? सगळा लसूण उकिरड्यावर नेऊन टाकला. पावसात चार दिवस त्याला हिरवे कोंब दिसले, मग कुजून गेला. मला त्या दिवशी फार हलके वाटले. वैराग्याचे हलकेपण वेगळे आणि रुबाबाचे हलकेपण वेगळे, हे तेव्हा कळले नाही.

त्या वर्षी अधिक श्रावण आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा. कार्तिकी झाली. आईने वाफा खणून ठेवला होता, तो रिकामाच राहिला. पुढे त्यात तिने मेथी टाकली. बोलली काही नाही.

माघ महिन्यात, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, आमची सून बाळंत झाली. बाळंतिणीच्या जेवणात लसूण घालण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे. औषध म्हणून मी काही सांगत नाही, तो वैद्य-डॉक्टरांचा विषय. पण घरातल्या बायकांना त्यावाचून बाळंतिणीचे ताट अपुरे वाटते. आईने मला हाक मारली, "पोरीला लसूण पाहिजे. आण कुठनं तरी." बाजारात गेलो तर त्या हिवाळ्यात किरकोळ भाव किलोला चारशेच्या वर गेलेला. मी पाव किलो घेऊन आलो. आईने पाकळी हातात घेतली, नखाने दाबली आणि बाजूला ठेवली. म्हणाली, "पोकळ हाय." मग ती शेजारच्या काकूंकडे गेली आणि पदराखाली एक जुडी घेऊन आली. जांभळी झाक असलेल्या लहान गड्ड्या. मी ओळखल्या. आमचेच वाण. फार वर्षांपूर्वी आईनेच काकूंना मूठभर पाकळ्या दिल्या होत्या.

त्या रात्री मी आईजवळ बसलो आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी चाळीस वर्षे डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. आईच्या गळ्यात माळ आहे. माझ्या लहानपणापासून आहे. तिने जन्मात मला आठवते तेव्हापासून लसणाची पाकळी तोंडात घातलेली नाही. चटणी कुटायची ती, पण चव बघायला वडिलांना किंवा आम्हां पोरांना बोलवायची. आणि तरी दर कार्तिकीला वाफा तीच लावी, तीच खुरपी, तीच काढी. मी विचारले, "आई, तू खात नाहीस, मग इतकी वर्षं लावलास कशाला?" ती म्हणाली, "मी सोडलाय तो माझ्या ताटातला. वाफा का माझ्या एकटीचा हाय?" आणि थोड्या वेळाने, "तू सोडलास ते बरं केलंस. पण पोरीला इचारलंस का, बाई तुला सोडायचा हाय का म्हणून?"

नव्हते विचारले. आषाढापासून माघापर्यंत, पोटुशीपणाचे सगळे दिवस, त्या मुलीने माझ्या नेमाचे जेवण जेवले होते. माझे व्रत तिने पाळले, आणि पुण्य मात्र मी माझ्या नावावर मांडीत होतो.

वाचकहो, तेव्हापासून या प्रश्नाचा मी विचार करतो आहे. जे आपण सोडले ते दुसऱ्यासाठी पिकवावे की नाही?

येथे कोणी शंका घेईल, आणि ती रास्त आहे. एखादा म्हणाला, मी दारू पीत नाही, फक्त गाळतो आणि विकतो. तर आपण त्याला माळकरी म्हणू का? मी तंबाखू खात नाही, पण दुसऱ्याला मळून देतो, हे शोभेल का? तेथे आपण म्हणतो, जे वाईट ते दुसऱ्याच्या हातीही देऊ नये. मग लसणालाच सवलत का?

मला असे वाटते की सोडण्याच्या दोन जाती आहेत आणि त्या एकत्र कालवल्या की घोटाळा होतो. दारू घरात शिरली की भांडी बाहेर जातात, हे गावोगाव पाहिलेले आहे. ती सोडायची ती ती स्वतःच घात करणारी आहे म्हणून. तो निषेध सर्वांना सारखा, आणि ती पिकवणाऱ्या-विकणाऱ्यालाही लागू. लसणाने कोणाचे घर बसलेले मी पाहिले नाही. उलट ज्या मजुराची दुपार भाकरी आणि फडक्यात बांधलेली लसणाची चटणी एवढ्यावर निघते, त्याचे सगळे कोरड्यास तेच. मी लसूण सोडला तो माझी जीभ फार हिंडते म्हणून, तिला दावे असावे म्हणून, आणि चित्त थोडे स्थिर व्हावे म्हणून. हा नेम झाला. निषेध सर्वांचा असतो. नेम ज्याचा त्याचा असतो. ज्या दिवशी मी माझा नेम दुसऱ्याच्या ताटावर नेऊन ठेवला, त्या दिवशी तो नेम उरला नाही, तो अंमल झाला. अंमल हा शब्द आपण सत्तेलाही वापरतो आणि नशेलाही, ते उगीच नाही.

जुन्या ग्रंथांत पाहिले तर लसणाचा वाद आजचा नव्हे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना लसूण वर्ज्य सांगितला आहे. दुसरीकडे काश्यपसंहितेत, जी मुलांच्या आणि बाळंतिणींच्या चिकित्सेसाठी प्रसिद्ध आहे, लशुनकल्प नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. १८९० साली मध्य आशियातल्या कुचा येथे भूर्जपत्रावरची एक प्राचीन पोथी सापडली. तिला बॉवर हस्तलिखित म्हणतात. तिच्यात लसणाचे गुण विस्ताराने आहेत आणि ब्राह्मणाने तो खाऊ नये हेही आहे. मग आजारी ब्राह्मणाने काय करावे? पोथी सांगते, गाईला तीन रात्री जवळजवळ उपाशी ठेवावे, मग दोन भाग गवत आणि एक भाग लसणाची पात असा चारा घालावा, आणि तिचे दूध, दही, तूप त्याने घ्यावे. म्हणजे गुण मिळाला आणि नियमही राहिला!

हे वाचून प्रथम मला हसू आले. नंतर हसू मावळले. त्या गाईला तरी कोणी विचारले होते का? तिला तीन रात्री उपाशी ठेवून दुसऱ्याची शुचिता राखली. माझ्या घरात तरी निराळे काय घडले? नेम माझा आणि उपास दुसऱ्याला, हा प्रकार फार जुना आहे म्हणायचा. वारकऱ्याचा नेम या वाटेने येत नाही. तो जन्मावरून कोणावर लादलेला नाही. माळ गळ्यात घालताना ज्याने त्याने आपणहून घ्यायचा आहे. आणि जे आपणहून घ्यायचे ते दुसऱ्याला जबरीने देता येत नाही.

अरणच्या सावता महाराजांचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. त्यांनी १२९५ साली देह ठेवला. मळ्यातल्या भाजीपाल्यात त्यांनी विठाई पाहिली, हे तर शेंबडे पोरही जाणते. त्यांच्या त्या प्रसिद्ध अभंगात मळ्यातल्या जिन्नसांची नावे येतात, त्यांत लसणाचेही नाव आहे. तो त्यांनी वेगळा काढला नाही. ते स्वतः काय जेवत, हे येथे विचारण्याचे कारणच नाही. मोटेचे पाणी ज्या ज्या वाफ्याला जाते, त्या त्या वाफ्यात देव आहे, ही त्यांची दृष्टी. मी मात्र माळ घातल्याबरोबर देवाच्या वाफ्यांत निवड करायला बसलो.

आता लसणाच्या वासाचे थोडे सांगतो. आपण म्हणतो लसूण उग्र. पण सबंध, न चिरलेली पाकळी नाकाशी धरून पाहा. वास जवळजवळ नसतोच. १९४४ साली अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली या दोघा संशोधकांनी लसणातले ॲलिसिन नावाचे द्रव्य वेगळे काढले. ते आधी पाकळीत तयार नसते. पाकळीच्या आत दोन जिन्नस वेगवेगळ्या खणांत असतात. ठेचली, चिरली की ते एकत्र येतात आणि त्या क्षणी तो दर्प उठतो. आपला अहंकार असाच आहे. सगळे मनासारखे चालले आहे तोवर तो आहे असे वाटतच नाही. कोणी जरा दाबले, "बी तरी ठेव" एवढे जरी म्हटले, की दर्प सुटतो. मी तोंडाचा वास सोडला होता, आणि हा दुसरा वास घरभर झाला होता.

असो. २०२४ च्या कार्तिकीहून परतलो आणि काकूंकडून वीसेक गड्ड्या मागून आणल्या. आई आता वाकू शकत नाही. ती उंबऱ्यावर बसली आणि मी तिच्या सांगण्याप्रमाणे वाफा लावला. ते जसे शिकलो तसे लिहितो, कारण ज्या हातांना हे येते ते हात आता थोडे उरले आहेत.

लसणाला आपल्याकडे बी धरत नाही. लावायची ती पाकळीच. म्हणून घरचे वाण एकदा गेले की दाणा शोधून ते परत येत नाही. कोणाच्या तरी आढ्याला त्याची गड्डी शिल्लक असावी लागते. माझ्या हातून काय चालले होते हे त्यावरून समजावे. लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरात करतात, कारण गड्डी भरायला थंडी लागते. फार उशीर झाला तर गड्डी लहान राहते. जमीन निचऱ्याची, मुरलेले शेणखत घातलेली. गड्डी फोडायची ती लावायच्या वेळीच, आधी फोडून ठेवायची नाही. बाहेरच्या कडेच्या ठसठशीत पाकळ्या बियाण्याला, आतल्या बारीक सुईसारख्या स्वयंपाकाला. मी उलट करायला निघालो होतो, चांगल्या पाकळ्या सुनेच्या चटणीसाठी बाजूला ठेवीत होतो. आई म्हणाली, "चांगलं ते मातीला द्यावं. हलकं दिलंस तर ती हलकंच परत देती." पाकळीची साल काढायची नाही. टोक वर, बूड खाली, बोटाचे एक पेर खोल, ओळीत चार-चार बोटांवर. मग हलके पाणी, तिसऱ्या दिवशी आंबवणी, पुढे आठ-दहा दिवसांनी. मुळे वरवर असतात, म्हणून खुरपे उथळ चालवायचे.

फाल्गुनात पात पिवळी पडू लागली. मी पाणी द्यायला गेलो तो आईने थांबवले. काढणीच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडायचे असते. तेव्हाही पाणी देत राहिले तर गड्डी फुगते, पण टिकत नाही. माना मऊ पडून पात लवली की काढायचा. आधी काढला तर कच्चा राहतो. फार थांबला तर वरची साल फाटून पाकळ्या मातीत सुट्या होतात. उपटल्यावर दोन-तीन दिवस वाफ्यातच ठेवायचा, तोही असा की एकीच्या पातीने दुसरीची गड्डी झाकली जावी, उन्हाचा चटका बसू नये. मग पात न कापता सावलीत दहा-पंधरा दिवस सुकवायचा, आणि पातीची वेणी घालून किंवा जुडी बांधून वाऱ्याच्या जागी टांगायचा. डब्यात कोंडला की घाम सुटून कुजतो. ओल्या गारव्यात ठेवला की कोंब फुटतो.

वेणी टांगताना एक गंमत लक्षात आली. चैत्रात टांगलेला लसूण पुढच्या कार्तिकापर्यंत बियाण्यासाठी राखायचा असतो. मधले पावसाळ्याचे महिने त्याला सर्वांत कठीण. आणि नेमके त्याच महिन्यांत चातुर्मास म्हणून पुष्कळ घरांत लसूण खात नाहीत. ती चाल कोणी कशासाठी घातली हे मी सांगत नाही. एवढे दिसते, की घरादाराने आपखुशीने चार महिने हात आवरला म्हणजे कार्तिकात लावायला बी उरते. खरे सोडणे असे असावे. त्यातून पुढच्याला काही मिळावे. मी सोडले ते उकिरड्यावर गेले. आई सोडत होती ते वाफ्यात जात होते.

आणि साठवणीचे सर्वांत खात्रीचे ठिकाण आढे नव्हे, हेही मला कळले. आमच्या आढ्यावरचे मी फेकले. काकूंच्या आढ्यावरचे राहिले, कारण आईने ते कधीतरी देऊन टाकले होते. घरचे वाण तेवढ्यानेच वाचले. पहिल्या काढणीतून काकूंच्या वीस गड्ड्या परत केल्या आणि आणखी चार घरी मूठमूठ दिल्या. सुनेला एवढेच म्हणालो, "बाई, माझं चुकलं." ती हसली आणि चटणी कुटायला बसली. चव बघायला तिने तिच्या नवऱ्याला हाक मारली. मी अजून लसूण खात नाही, पुढेही खाणार नाही. माझा नेम पूर्वीपेक्षा आता मला सोपा वाटतो. त्याचे ओझे दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर नाही म्हणून असेल.

दोन दिवसांनी त्या माउली पुन्हा देवळात आल्या. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही घरात विचारा. लेकी-सुना, नातवंडं खात असतील तर वाफा लावा, आणि चांगल्यातली चांगली पाकळी लावा. कोणीच खाणारं नसेल तर मेथी लावा. पण बी फेकू नका, शेजारी द्या. तुमच्या जिभेला नेम आहे. तुमच्या हातांना देणं आहे."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. सून खाती. तिला इचारलंच नव्हतं मी." आणि माळेला हात लावून पायरी उतरल्या.

रामकृष्णहरि.